कौलावरचा स्पंज

"थांबा! हात लावू नका त्याला!"

शुभदाला एवढ्या मोठ्यानं ओरडताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. शर्टाच्या बाह्या दुमडून मी काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला होता आणि तळाशी असलेला कौलाचा तुकडा उचलणारच होतो. टाकीशेजारी समुद्राच्या पाण्यानं भरलेला निळा ड्रम तयार होता. इकडून उचलायचं आणि तिकडे ठेवायचं, त्यात ओरडण्यासारखं काय आहे ते मला कळेना.

"पाण्याबाहेर काढायचा नाही," ती आवाज खाली आणत म्हणाली. "निमिषभरसुद्धा नाही."

"निमिषभरात काय होतंय?"

"त्याच्या अंगभर बारीक भोकं आहेत. वर काढलं की त्यांत हवा शिरते, आणि एकदा शिरली की निघत नाही. तेवढ्या भागातून पाणी फिरायचं थांबतं आणि तो आतल्या आत कुजायला लागतो. आपल्याला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो."

मग तिनं स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं टोप आणलं, ते टाकीत पूर्ण बुडवलं, पाण्याखालीच तो कौलाचा तुकडा हळूच त्यात सरकवला आणि काठोकाठ भरलेलं टोप दोन्ही हातांनी उचलून ड्रममध्ये तसंच बुडवलं. तुकडा अलगद बाहेर सरकवला. सगळं होईपर्यंत तिनं श्वास धरून ठेवला होता.

त्या तुकड्यावर तिचा स्पंज वाढत होता. मंगलोरी कौलाचा हा फुटका तुकडा तिला देवगडच्या खडकांत, ओहोटीच्या वेळी, एका डबक्याच्या तळाशी सापडला होता. तेव्हा स्पंज नखाएवढा होता. आता तो तिच्या मुठीएवढा झाला होता. रंग पिकल्या पपईचा, वर चार-पाच बुटक्या धुराड्यांसारखे उंचवटे आणि प्रत्येकाच्या टोकाला एक भोक. ना डोळे, ना तोंड, ना मेंदू. हलत नाही, डुलत नाही. "माझे निम्मे पक्षकार असेच आहेत," असं मी एकदा म्हणालो होतो. ती हसली नव्हती.

मी गुरुनाथ मिठबावकर. तेव्हा देवगडच्या कोर्टात वकिली करत होतो. शुभदा कोल्हापूरची, प्राणिशास्त्रातली एम. एस्सी. कोल्हापूरच्या चांगल्या चांगल्या स्थळांना नकार देऊन तिनं आमचं स्थळ पसंत केलं, तेव्हा माझे मित्र म्हणाले, "गुर्‍या, तुझ्यात काय बघितलं रे तिनं?" त्याचं उत्तर मला लग्नानंतर आठवड्याभरात मिळालं. सकाळी उठलो तर बायको घरात नाही. शोधत गेलो तर बाई साडी गुडघ्यापर्यंत खोचून खडकांत वाकून बसलेली. आमचं स्थळ तिनं समुद्र बघून पसंत केलं होतं.

त्या दिवशी आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. मार्च संपत आला होता. तिथल्या एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी मिळाली होती आणि तिच्या सांगण्यावरून प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची एक मोठी टाकी उभी केली होती. माझ्या मारुती व्हॅनची मागची सीट काढून तिथे ड्रम ठेवला, दोरीनं बांधला. ड्रमच्या एका अंगाला सेलवर चालणाऱ्या पंपाची नळी सोडली. बुडबुडे स्पंजाला लागू नयेत म्हणून मध्ये तिनं जाळी उभी केली होती. तोंडावर एक ओली जुनी साडी टाकली, म्हणजे ऊन लागणार नाही.

"पुढे बस ना," मी म्हटलं.

"नको. मागे बसते त्याच्याजवळ."

आणि ती ड्रमला टेकून, आपल्या ट्रंकेवर बसली. देवगड ते फोंडा मी एकटाच पुढे बसून गाडी हाकली. आरशात बघितलं की तिचा वाकलेला माथा दिसे. वळण आलं की ती दोन्ही हातांनी ड्रम धरायची. ड्रायव्हरला सांगावं तसं दोन-तीनदा म्हणाली, "जरा सावकाश." बाकी बोलणं नाही.

फोंड्याच्या पुढे घाट सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या वळणावर गाड्यांची रांग लागली. मी उतरून पुढे जाऊन पाहून आलो. चिऱ्यांनी भरलेला ट्रक वळणावर आडवा झाला होता. लाल चिरे रस्ताभर पसरले होते. माणसाला कुणाला लागलं नव्हतं, पण ट्रक उचलायला क्रेन येईपर्यंत वर-खाली काहीच हलणार नव्हतं, आणि क्रेन कणकवलीहून यायची होती. मागेही तोवर गाड्या येऊन चिकटल्या होत्या. वळवायला जागा नव्हती.

"किती वेळ लागेल?" शुभदानं विचारलं.

"दुपार होईल. नक्की सांगता येत नाही."

तिनं ड्रमवरच्या साडीचा कोपरा उचलून आत पाहिलं. ऊन वर चढत होतं आणि व्हॅनचा पत्रा तापायला लागला होता. आम्ही मागचं दार उघडून ठेवलं. मी जवळच्या झाडाच्या सावलीला टेकून वर्तमानपत्र उघडलं. थोड्या वेळानं कसलातरी आवाज बंद झाल्यासारखं वाटलं. बराच वेळ कानाशी असलेली गुणगुण थांबावी तसं. मान वर केली तर शुभदा पंप हातात घेऊन हलवत होती. सेल काढले, पुसले, परत घातले. नवे सेल घातले. पंप ढिम्म.

"मोटर गेली," ती म्हणाली.

"मग?"

तिनं बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, पदर खोचला आणि उजवा हात ड्रममध्ये घातला. पंजा उघडा ठेवून पाणी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ढकलायला लागली. हळूहळू, पाळण्याला झोका द्यावा तशी.

"तू काय करतेयस?"

"पाणी थांबलं की हा गुदमरतो. याच्या अंगावरून सतत पाणी वाहायला हवं. पाणीच याचं खाणं आणि पाणीच याचा श्वास."

"असं किती वेळ करशील?"

"रस्ता सुटेपर्यंत."

मी हसलो असेन बहुतेक. कारण तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि परत मान खाली घातली. मी वर्तमानपत्र घेऊन बसलो खरा, पण लक्ष लागेना. ती बाई ड्रमवर वाकून, घामानं निथळत, एका लयीत हात हलवत होती. हात भरून आला की हात बदलायची, पण एक हात आत गेल्याशिवाय दुसरा बाहेर काढायची नाही.

आमच्या पुढे मासळीचा टेम्पो उभा होता. त्यातून एक जाडजूड बाई उतरली. देवगडच्या बंदरावर मासे विकत घेऊन कोल्हापूरच्या बाजारात नेणारी. शेवंतीबाय म्हणत तिला. ती चौकशीला आली आणि कमरेवर हात ठेवून ड्रममध्ये डोकावली.

"ह्या काय गो बाय?"

"स्पंज आहे. जिवंत."

"आगो, ह्या तर आमच्या जाळ्यात येता! आमी झटकून टाकतंव." मग जरा थांबून, "मरतला काय?"

"पाणी गरम झालं तर मरेल."

शुभदानं पाण्यात सोडलेला थर्मामीटर तिला दाखवला. शेवंतीबायला आकडा वाचता आला की नाही ठाऊक नाही, पण बोट बुडवून तिनं पाणी पारखलं आणि मान हलवली. "तापला हा. बर्फ देव काय? माझी सुरमय आज कोल्हापुराक पोचणा नाय, पण बर्फ आसा."

"बर्फ चालेल, पण विरघळलेलं पाणी आत पडता कामा नये. गोडं पाणी याला विषासारखं."

"पिशयेत बांदून घाल मगे."

शेवंतीबायनं टेम्पोतून बर्फ फोडून आणला. शुभदानं आपली ट्रंक उघडायला सांगितली मला. आत सगळ्यात वर तिच्या पुस्तकांना गुंडाळलेल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. पुस्तकं बाजूला ठेवून पिशव्या घेतल्या, बर्फ भरून दोऱ्यानं आवळून गाठी मारल्या आणि एक-एक पिशवी ड्रमच्या कडेला सोडली. "एकदम नको," शुभदा मला सांगत होती. "एकदम गार झालं तरी त्याला सोसत नाही. एक सोडा, थांबा, मग दुसरी."

मी एक सोडली, थांबलो. दुसरी सोडली, थांबलो. थर्मामीटरवर डोळा ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्र केव्हाच उडून गेलं होतं.

त्यात आणखी एक काम निघालं. नुसतं पाणी हलवून भागणार नाही, त्यात हवा मिसळायला हवी, पण बुडबुडे मात्र नकोत. समुद्राचं जादा पाणी भरलेले काही कॅन आम्ही बरोबर घेतले होते, त्यातला एक पांढरा कॅन तिनं अर्धा रिकामा केला, झाकण लावलं आणि मला म्हणाली, "हलवा. जोरात." मी हलवायला लागलो. ताक घुसळल्यासारखा आतून आवाज. मग कॅन खाली ठेवायचा, फेस बसू द्यायचा, बुडबुडे सगळे वर येऊन फुटले की रबरी नळी लावून ते पाणी धारेनं ड्रमच्या कडेला सोडायचं, आणि ड्रममधलं तितकंच कॅनमध्ये घ्यायचं. परत हलवायचं. तीनदा-चारदा केल्यावर माझे दंड भरून आले. मागे अडकलेल्या एस.टी.तले लोक जमले होते. त्यांतला एक मिशीवाला पैलवान गडी पुढे झाला. "आणा हिकडं, साहेब. तुमचं काम न्हवं ते." त्यानं कॅन असा घुसळला की झाकणातून पाणी उडालं. मग दुसरा पुढे आला, मग कंडक्टर. "कशाचं औषध हाय हे?" कुणीतरी विचारलं. "औषध न्हाई, जनावर हाय आत," पैलवानानं सांगितलं, जणू सगळा जन्म त्यानं स्पंज सांभाळण्यात काढला होता.

शुभदा त्या गर्दीत कुणालाही मागे हटवत नव्हती. विचारेल त्याला सांगत होती. हात हलतोच आहे आणि तोंडानं सांगतेच आहे. मुठीएवढा हा जीव दिवसभरात आपल्या घरातल्या टाकीचं सगळं पाणी कितीदा तरी गाळतो. इतकं बारीक खातो की आपल्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती खिडकीत बाटल्यांमध्ये हिरवं पाणी वाढवते, त्यातलं थोडं-थोडं देते. फार दिलं तर पाणी नासतं, कमी दिलं तर हा आक्रसत जातो. उजेडात ठेवला तर अंगावर शेवाळ चढून भोकं बुजतात. आमच्या खिडकीतल्या त्या हिरव्या बाटल्या मी दोन वर्षं बघत होतो. त्या कशासाठी आहेत ते मला फोंड्याच्या घाटात, एस.टी.च्या पॅसेंजरांबरोबर कळलं.

आणि ती किती छान सांगत होती! मी कोर्टात रोज माणसं बोलताना ऐकतो. चांगलं बोलणारा मला चटकन कळतो. हिच्या तोंडून एक शब्द जास्तीचा येत नव्हता. घरात हिला बोलता येत नाही असं मी धरून चाललो होतो.

"माहेराक चललंस?" शेवंतीबायनं मध्येच विचारलं.

"हो."

"परत कधी येतलंस?"

शुभदाचा हात पाण्यात थांबला. पण लगेच चालू झाला. शेवंतीबायनं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ट्रंकेकडे, तिच्याशेजारच्या दोन बॅगांकडे, पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. शहाणी बाई होती. "बर्फ आणखी घेऊन येतंय," म्हणून निघून गेली.

शुभदा परत येणार नव्हती. आमच्यात भांडण झालेलं नव्हतं. भांडायला तरी बोलावं लागतं. मी घरी यायचो तो कोर्टातला आवाज घेऊनच. प्रश्न विचारायचे, उत्तर अर्ध्यात तोडायचं. ती हळूहळू उत्तरं द्यायची थांबली. मग मी विचारायचा थांबलो. शेवटी तिचे वडील आणि माझे काका एका रविवारी बसले आणि दोघांचं शांतपणे ठरलं, की तिनं नोकरी धरावी, माहेरी राहावं आणि पुढचं सावकाश कायद्यानं बघावं. कायद्याचं बघणारा मीच होतो. त्या दिवशी मी तिला पोचवायला चाललो होतो. स्पंज सोडून तिनं आमच्या घरातलं काहीही मागितलं नव्हतं, आणि तोही काही आमच्या घरातला नव्हताच.

"वास येतोय का तुम्हाला?" शुभदानं विचारलं.

मी वाकलो. खाऱ्या पाण्याच्या वासाखाली काहीतरी कुबट होतं. तिनं ड्रमवरची साडी पूर्ण बाजूला केली. स्पंजाचा एका बाजूचा कोपरा, पपईच्या रंगाचा होता तो, आता राखेसारखा दिसत होता. त्यावर बारीक पांढुरकी साय धरली होती.

"गेला?" मी विचारलं. माझ्या आवाजातली भीती माझी मलाच नवीन होती.

"तेवढा भाग गेलाय. तो तसाच ठेवला तर तासाभरात सगळं पाणी नासेल आणि उरलेला पण जाईल." तिनं ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "कापावा लागेल. पाण्याखाली. मला दोन हात लागतील कापायला. तुम्ही कौल धराल?"

"धरतो."

"घट्ट धरायचं. पण स्पंजाला बोट लागता कामा नये. आणि काहीही झालं तरी वर उचलायचं नाही."

मी दोन्ही हात ड्रममध्ये घातले. पाण्यात दिसतं त्यापेक्षा कौल जरा पुढे होतं, चाचपावं लागलं. कडा बोटांत आल्या. तिनं तिच्या प्रयोगाच्या सामानाच्या डब्यातून नवं ब्लेड काढलं, पाण्यानं धुतलं आणि हात माझ्या हातांमधून आत नेले. आमची डोकी जवळ-जवळ टेकली होती. तिच्या कपाळावरचा घाम माझ्या दंडावर पडत होता.

तिनं पहिला काप घेतला तो राखी भागात नाही, तर त्याच्या पलीकडे, चांगल्या पपईरंगी भागात. मी म्हणालो, "अगं, हे तर चांगलं आहे."

"कडेचं थोडं चांगलंही सोडावं लागतं," ती म्हणाली. "हात धरून ठेवा. हलतोय तुमचा."

खरंच हलत होता. मी श्वास रोखला. ब्लेड सरकत होतं, धागाधागा सुटत होता. तिचा हात मात्र दगडासारखा स्थिर होता. सकाळपासून तासन्‌तास पाणी ढकलून आलेले पेटके त्या हातात असणार, पण ब्लेडचं टोक कुठंही थरथरलं नाही. मी तोवर मोठमोठे वकील पाहिले होते, सर्जन पाहिले होते, भर समुद्रात वादळात होडी आणणारे तांडेल पाहिले होते. त्या सगळ्यांच्या वेळी मनात जे यायचं ते माझ्या स्वतःच्या बायकोकडे बघताना त्या क्षणी आलं.

राखी तुकडा सुटला. तिनं तो दोन बोटांत धरून बाहेर काढला आणि लांब फेकून दिला. जखमेची बाजू पांढरी, स्वच्छ दिसत होती.

"आता?" मी विचारलं.

"आता निम्मं पाणी बदलायचं आणि हलवत राहायचं. भरून येईल, जगला तर. याचा बारीक तुकडा उरला तरी त्यातून पुन्हा सगळा वाढतो."

"तू बस," मी म्हणालो. "हात मी घालतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ढवळायचं नाही. ढकलायचं."

"बघितलंय मी."

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. शेवंतीबायनं तिला पाणी दिलं, आणि कुणाच्या तरी शिदोरीतली भाकरी. मी पाणी ढकलत राहिलो. सुरुवातीला चुकत होतो. ती बसल्या जागेवरून सांगायची, "हळू. जास्त खोल नको. हां, असं." मग सांगायची थांबली. मी समजलो की बरोबर चाललं आहे. हात आखडला, खांदा दुखायला लागला, पण तिनं दोनदा "आता मी घेते" म्हटल्यावरही मी काढला नाही. असं एकटक मी आयुष्यात कशाकडे पाहिलं नव्हतं. अगदी जवळून पाहिलं की कळायचं, की तो अगदीच निश्चल नव्हता. वरच्या भोकांशी पाण्यातले धूलिकण जरासे उडत होते. आतून कुणी फुंकर घालावी तसे.

दुपार कलली तेव्हा ट्रक बाजूला झाला. एस.टी.तले लोक पळत आपापल्या जागेवर गेले. पैलवान जाता जाता ओरडला, "वहिनी, जगवा त्याला!" शेवंतीबायनं राहिलेला बर्फ एका घमेल्यात घालून आमच्या गाडीत ठेवला. शुभदाजवळ येऊन तिच्या कानाशी काहीतरी बोलली. शुभदानं मान हलवली. काय बोलली ते मी कधी विचारलं नाही.

कोल्हापूरपर्यंत गाडी मी चालवली आणि पाणी तिनं ढकललं. कॉलेजात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. शिपायानं प्रयोगशाळा उघडून दिली आणि तो गेला. टाकी मोठी होती, महिन्याभरापूर्वी समुद्राच्या पाण्यानं भरून ठेवलेली. मला वाटलं, आता टोपानं उचलून ठेवला की झालं. पण नाही. तिनं बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी ड्रममध्ये थेंबथेंब सोडलं. दोन्ही पाण्यांचा खारेपणा, ऊब सगळं एकसारखं होईपर्यंत. आम्ही दोघं स्टुलांवर बसून थेंब बघत राहिलो. कितीतरी वेळ. मग टोप बुडालं, कौल सरकलं, काठोकाठ भरलेलं टोप उचललं, आणि या वेळी तिच्याबरोबर मीही श्वास रोखला.

स्पंज टाकीच्या तळाशी, सावलीच्या बाजूला बसला. एका बाजूनं पांढरा, कापलेला. आक्रसलेला.

"जिवंत आहे का हे कसं कळणार?"

तिनं ड्रॉपरमध्ये थोडा हिरवा रंग घेतला, अपायकारक नव्हता तो, आणि ड्रॉपर पाण्याखाली नेऊन स्पंजाच्या अगदी बुडाशी एक थेंब सोडला. रंगाचा छोटासा ढग तिथेच रेंगाळला. काही झालं नाही. मी शुभदाकडे पाहिलं. ती पापणी न लववता काचेशी टेकली होती.

मग तो ढग बुडाकडून खेचल्यासारखा नाहीसा व्हायला लागला. आणि एका धुराड्याच्या तोंडातून, वर, हिरव्या धुराचा एक बारीक सरळ धागा निघाला. मग दुसऱ्यातून. जखमेच्या शेजारच्या भोकातूनसुद्धा.

"बघा," शुभदा म्हणाली. "बघा, बघा." आणि तिनं माझा दंड धरला. पाण्यानं सुरकुतलेली बोटं होती तिची. धागा विरून जाईपर्यंत तिनं हात काढला नाही.

बाहेर तिच्या वडिलांच्या जीपचा हॉर्न वाजला. सामान न्यायला ते येणार होते. ती उठली, पदर सारखा केला, ड्रम आवरायला लागली.

"याला पाणी कुठून आणणार आता?" मी विचारलं.

"खास मीठ मिळतं, त्याचं करता येतं पाणी. पण याला त्याची सवय नाही. आता जखम आहे तोवर तर नकोच." ती थांबली. "बघीन काहीतरी."

"मी आणतो," मी म्हणालो. "देवगडहून. दर पंधरवड्याला."

ती माझ्याकडे वळली. कोर्टात साक्षीदार खरं बोलतोय का हे मी ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं ती माझ्याकडे बघत होती.

"घाटातून?"

"घाटातून."

"भरतीचं लागेल. खडकांच्या पलीकडचं. कंटाळा करून कुठलंही भरलंत तर चालणार नाही."

"नाही करणार कंटाळा."

हॉर्न पुन्हा वाजला. ती बॅग उचलून बाहेर गेली.

पुढची दीड वर्षं मी त्या घाटातून पाणी वाहिलं. जखम भरली, स्पंज कौलाच्या कडेबाहेर वाढला, त्याचे तुकडे करून तिनं आणखी तीन कौलांवर ते वाढवले. मग एका पावसाळ्याच्या शेवटी मी देवगडचं ऑफिस बंद केलं आणि आम्ही कोल्हापुरात भाड्याचं घर घेतलं. आज माझी वकिली तिथलीच. पाणी आणायला आता आम्ही दोघं जातो. पण मला आठवते ती पहिली खेप.

त्या शनिवारी कोर्टाचं काम लांबलं होतं. खडकांपलीकडे जायला उशीर झाला म्हणून मी बंदराच्या धक्क्यावरच कॅन भरले. पाणी दिसायला काचेसारखं होतं. कोल्हापुरात पोचलो, कॅन प्रयोगशाळेत वाहून नेले. शुभदानं पहिला कॅन उघडला, खारेपणा मोजायची आकड्यांची काचेची नळी त्यात तरंगत सोडली, वाकून वाचलं. मग बोट बुडवून नाकाशी नेलं.

"खाडीचं आहे," ती म्हणाली. "डिझेल पण आहे यात."

आणि एकेक कॅन उचलून तिनं सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. मी बघत उभा राहिलो. शेवटचा कॅन रिकामा झाल्यावर तिनं सगळे नळाखाली नीट धुतले, उपडे करून निथळवले आणि माझ्यासमोर ओळीनं मांडून ठेवले.

"पुन्हा आणा," ती म्हणाली.